गेल्या का बाई आत?

"शू! आई लिहितायत."

सून हे इतक्या हळू म्हणाली, की बंद दाराआड बसलेल्या ताईंना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. मोठ्यानं बोललेल्याकडे माणूस दुर्लक्ष करतो, कुजबुजीकडे मात्र कान आपोआप वळतात. पाठोपाठ स्वयंपाकघरात कुणीतरी ताटली ओट्यावर अलगद टेकवली, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी, आणि घर पुन्हा चिडीचूप झालं.

आई लिहीत नव्हत्या. आई टेबल पुसत होत्या. सकाळपासून दोनदा पुसून झालं होतं आणि धूळ औषधालाही उरली नव्हती. तरी त्या ओल्या फडक्यानं कानेकोपरे पुसत बसल्या होत्या, कारण फडकं खाली ठेवलं की पेन उचलावं लागणार होतं.

त्यांना सगळे ताईच म्हणत. एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे येणारं शेंबडं पोर त्यांना ताई म्हणे आणि त्या पोराचे आजोबाही ताईच म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. परवापरवा त्या निवृत्त झाल्या आणि घरच्यांनी त्यांना ही खोली भेट दिली.

खोली कसली, अडगळ होती ती. मोडका पंखा, पाय तुटलेलं स्टूल, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले रिकामे डबे. मुलानं आणि सुनेनं सुट्टीचे दिवस खर्ची घालून ती रिकामी केली, रंग दिला, खिडकीशी टेबल मांडलं, त्यावर वाकड्या मानेचा दिवा ठेवला. खुर्ची तर अशी आणली, की खालची दांडी ओढली की माणूस वरखाली होई. पहिल्याच दिवशी ताई भलतीकडे दांडी ओढून टेबलाखाली दिसेनाशा झाल्या होत्या. दारावर सुनेनं आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली, 'लेखन चालू आहे'.

"आई, इतकी वर्षं लोकांच्या दाढांमधून वेळ काढून लिहिलंत," ती म्हणाली होती, "आता निवांत लिहा."

ताईंचे डोळे भरून आले होते. इतकं कोण कुणासाठी करतं? आणि त्या दिवसापासून त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

तसं पाहिलं तर ताईंच्या नावावर छापून आलेल्या कथा दोनच. त्याही त्यांनी स्वतः पाठवलेल्या, महिनोन्‌महिने वाट पाहून छापून आलेल्या. पण निवृत्तीच्या सुमाराला एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुमची मागची कथा वाचकांना आवडली. नवीन काही आहे का? महिनाअखेर द्याल?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कुणी कथा मागितली होती. ताईंना त्या क्षणी फोनच्या वायरीला धरून नाचावंसं वाटलं, पण फोन बिनवायरीचा होता. त्या नुसतं म्हणाल्या, "देते की. आता काय, वेळच वेळ आहे."

हे वाक्य आता त्यांना रोज छळत होतं.

कथा दोन बहिणींची होती. एक थोरली, एक धाकटी, एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या. आईच्या मागे शिवणयंत्र कुणी न्यायचं यावरून दोघींचं बिनसलं, ते वर्षानुवर्षं बिनसलेलंच. शेवटी एक दिवस धाकटी गल्ली ओलांडते, थोरलीचा जिना चढते आणि दारापाशी उभी राहते. इथपर्यंत कथा झाली होती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ताईंनी लिहिलेलं शेवटचं वाक्य होतं, 'तिनं घंटीकडे बोट नेलं आणि'.

त्या 'आणि'च्या पुढे सगळं घोडं अडलं होतं.

'आणि'वर थांबण्याची ताईंची सवय जुनी. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाखाली एक बटण असे. आतला पेशंट झाला की ते दाबत, बाहेर ताईंच्या काउंटरवर टर्रर्र अशी घंटी वाजे, आणि ताई पुढच्याला आत पाठवत. दोन घंट्यांच्या मधे जो वेळ मिळे त्यात त्या लिहीत. लिहायला कागद म्हणजे टूथपेस्टच्या कंपन्या फुकट वाटत ती पॅडं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दात काढून हसणारा एक दात. दातालाच दात कुठून आले हे कोडं ताईंना कधी सुटलं नाही, पण कागद गुळगुळीत असे. घंटी वाजली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, हा नियम. सुरुवातीला त्यांची चिडचिड होई. मग त्यांच्या ध्यानात आलं, की अर्धं सोडलेलं वाक्य मागे लागतं. ते त्यांच्याबरोबर घरी येई, कपडे वाळत घालताना समोर उभं राही, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसल्या बसल्या त्यांच्या आधी तेच सुरू होई. मग त्या मुद्दाम 'आणि'वर थांबू लागल्या.

"हे म्हणजे गाडी उतारावर लावून ठेवण्यासारखं झालं," त्यांचे यजमान म्हणाले होते. "सकाळी बॅटरी झोपली तरी बिघडत नाही. नुसता ब्रेक सोडायचा."

यजमान गाडी चालवायला शिकवत. त्यामुळे जग त्यांना मास्तर म्हणे. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला अशी खोड लागली होती, की मुलाच्या गाडीत बसले तरी पाय फरशी दाबे. इतकंच काय, घरात कुणाचं बोलणं नको त्या वळणाला लागलं तरी त्यांचा पाय जमिनीत रुते. मास्तर मोठे धीराचे. शिकाऊ पोरं त्यांना घेऊन समोरच्या ट्रकवर चालून गेली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. मात्र दाताच्या खुर्चीचं नाव काढलं की हाच माणूस पांढराफटक पडे. बायको दाताच्या दवाखान्यात, आणि नवरा आजवर दाराच्या आत गेला नव्हता. ताईंना न्यायला आले की ते गाडीतच बसून हॉर्न वाजवत.

तेच मास्तर आता रोज जेवायच्या वेळी विचारत, "गेल्या का बाई आत?"

"नाही हो."

"अजून दारातच? पाय दुखले असतील बिचारीचे. एक स्टूल तरी देऊन ये."

"स्टुलाचा पाय मोडलाय," ताई म्हणत आणि ताटात बघत.

घरातले सगळेच ताईंच्या मदतीला धावले. मुलगा फोनवर सल्ले वाचून दाखवू लागला. "आई, ठरलेल्या वेळी बसायचं. मूड यायची वाट बघायची नाही. अलार्म लावायचा, अर्धा तास लिहायचं, पाच मिनिटं हिंडायचं." ताईंनी अलार्म लावला. अर्धा तास त्या अलार्मकडे बघत बसल्या. हिंडण्याची पाच मिनिटं मात्र फार छान गेली. सुनेनं बशीत बिस्किटं आणून ठेवली. चार ओळी झाल्या की एक खायचं, असा तिचा बेत. संध्याकाळी बशी रिकामी आणि कागद कोरा. सुनेनं हळूच बशी उचलली, तेव्हा ताईंना शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं वाटलं.

मग मास्तरांनी स्वतः कंबर कसली. "तुला घंटीची सवय आहे. घंटी पाहिजे तुला," असं जाहीर करून ते घराबाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि थोड्या थोड्या वेळानं दाराची घंटी वाजवू लागले. आत ताई पेन हातात धरून, आता वाजेल, मग वाजेल, म्हणून श्वास रोखून बसल्या. समोरच्या घरातले शेजारी दार उघडून बाहेर आले.

"चावी विसरलात का मास्तर?"

"नाही, बायकोला लिहायला मदत करतोय."

शेजाऱ्यांनी हळूच दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी ताई गॅलरीत मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. महिना निम्म्यावर आला होता. खाली रस्त्यावर एक मुलगी नवी सायकल शिकत होती आणि तिचे वडील मागे धावत होते. ताई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या.

"अहो, एक सांगू? मला वाटतं, मी लेखिकाबिखिका कधी नव्हतेच. काउंटरवर बसून वेळ जात नसे म्हणून खरडायचे. लोक स्वेटर विणतात ना, तसं. आता वेळ आहे, खोली आहे, खुर्ची आहे, सगळं आहे. फक्त डोक्यात काही नाही. पोरांनी एवढं केलं, मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्या संपादकांना कळवून टाकते, नाही जमत म्हणून."

मास्तरांचा उजवा पाय गॅलरीच्या फरशीवर गच्च दाबला गेला. एरवी त्यांच्या जिभेवर थट्टा तयार असे. आज त्यांनी खुर्ची ताईंकडे वळवली.

"महिना संपेपर्यंत थांब," ते म्हणाले. "गाडी बंद पडली म्हणून कुणी रस्त्यात सोडून येतं का? इतक्यात कळवू नकोस."

ताईंनी मान डोलावली. पण बोलून दाखवल्यावर ती भीती कमी व्हायच्या ऐवजी खरीच वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी त्या भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या. पिशवी हातात होती, चपला मंडईच्या दिशेनं निघाल्या होत्या, आणि कोपऱ्यावर पायांनी आपलं आपण वळण घेतलं. इतक्या वर्षांची वाट. भानावर आल्या तेव्हा त्या दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या.

मोठे डॉक्टर आता घरी असत. खुर्चीवर त्यांची मुलगी बसू लागली होती. भिंतींना नवा रंग होता. माशांची काचेची पेटी मात्र तीच, आणि लवंगेच्या तेलाचा वासही तोच. काउंटरवर एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. घंटी गेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटे आणि कुणीतरी यंत्रातली बाई तो वाचून दाखवे. ताईंना वाटलं, सगळं संपलं. थोडं टेकावं आणि निघावं, म्हणून त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या.

शेजारी रुमालानं जबडा बांधलेली एक बाई डोळे मिटून बसली होती. समोर एकजण जोडीदाराला दबक्या आवाजात सांगत होता, "तू म्हणालीस म्हणून आलो, नाहीतर मी असा..." पुढचं ताईंना ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणूनच त्यांचं मन ते वाक्य पुरं करू लागलं. इतक्यात बाहेरच्या दारात एक उंचपुरा माणूस आला. त्यानं आत डोकावलं, गालावर हात ठेवला, जीभ तोंडात फिरवून पाहिली. मग काउंटरवरच्या गृहस्थांना म्हणाला, "थांबलं हो दुखायचं. नंतर येतो," आणि आला तसा गेला.

हा प्रकार ताईंना पाठ होता. रात्रभर डोकं आपटून घेणारी माणसं दवाखान्याच्या दाराशी आली की त्यांची दाढ दुखायची थांबते. मोठे डॉक्टर म्हणत, आपलं दारच मोठं गुणकारी आहे, नुसतं दार ठेवलं तरी दवाखाना चालेल. ताई स्वतःशीच हसल्या. हसता हसता थांबल्या. त्यांनी पिशवीत हात घातला. बटव्याखाली जुनं पॅड चुरगळून पडलं होतं, कोपऱ्यात तो हसरा दात. त्यांनी मांडीवर कागद सरळ केला.

'तिनं घंटीकडे बोट नेलं आणि तिच्या लक्षात आलं, की आता काहीच दुखत नाहीये.'

ताईंच्या अंगावर काटा आला. असं होतं तर! म्हणून धाकटी घंटी दाबत नव्हती. ज्यानं इतकी वर्षं झोप उडवली ते भांडण, दारापाशी आल्यावर दुखेनासंच झालं होतं. मग आत कशाला जायचं, आली तशी परत गेलेली काय वाईट? धाकटी वळली. दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर बसली. पेन आता ताईंना विचारत नव्हतं.

"अहो बाई," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "तुमचा नंबर घेतलात का? काय होतंय?"

ताई दचकल्या. सहज बसलेय म्हणावं तर हे उठवणार. "दाढ," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"खालची," ताई म्हणाल्या. आणखी काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणाल्या, "डावीकडची. मागची."

नंबर मिळाला. ताईंनी तो जबडा बांधलेल्या बाईंना दिला. पुढचा दुसऱ्या कुणाला. "तुम्ही जा आधी, मला घाई नाही," असं त्या इतक्या गोड आवाजात म्हणत, की लोकांना त्या भलत्याच सोशिक वाटल्या. पॅडची दोन पानं भरली तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

"अय्या, मावशी! तुम्ही?" नव्या डॉक्टरांना केवढा आनंद झाला. लहानपणी त्या ताईंच्याच काउंटरखाली बसून खडूनं रेघोट्या ओढत, आणि सगळ्या दवाखान्यात त्या एकट्याच ताईंना मावशी म्हणत. "बसा, बसा. आ करा बघू."

ताईंनी आ केला. आता काहीच निघणार नाही, वरवर बघून सोडून देतील, असा त्यांचा हिशेब.

"मावशी, ही डावीकडची मागची दुखत नाही तुम्हाला?"

"नाही. म्हणजे दुखते. फार दुखते."

"दुखायलाच पाहिजे. आतून पार पोखरलीय. न दुखणाऱ्या दाढाच अशा लबाड निघतात, पत्ताच लागू देत नाहीत. रूट कॅनाल करून बघू. तीन-चारदा यावं लागेल."

ताई क्षणभर थिजल्या. अंदाजानं बोट ठेवावं आणि नेमकं तिथेच भोक निघावं! पण लगेच त्यांच्या मनात भलतंच काही आलं आणि ते तोंडातून निसटलंही.

"तीन-चारदाच?"

नव्या डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. असं विचारणारा पेशंट त्यांना अजून भेटायचा होता.

घरी ताईंनी दाढेचं सांगितलं, पानांचं सांगितलं नाही. मिळालेला धागा बोलून दाखवला तर तुटेल अशी त्यांना धास्ती होती. आणि खोलीचं काय सांगायचं? ज्या पोरीनं रंगाचे डाग अंगावर घेऊन ती खोली सजवली, तिला कसं सांगायचं, की बाई गं, मला तुझ्या शांततेत काही सुचत नाही, मला माणसं कण्हताना लागतात?

दवाखान्याच्या दिवशी ताई वेळेच्या कितीतरी आधी निघत. तिथे गेल्यावर सगळ्यांना पुढे घालत. काउंटरवरच्या गृहस्थांनी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, लोक पुढे घुसायला भांडतात. तुम्ही पहिल्याच." ताई म्हणाल्या, "मला माशांकडे बघायला आवडतं." जिन्यावर बसलेली धाकटी तिकडे एकेक आठवत होती. शिवणयंत्राची टकटक, थोरलीनं शिवून दिलेला पहिला फ्रॉक, त्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली होती ती. यंत्रातली बाई आकडा वाचे. ताई 'आणि'वर थांबत. मग आत जाऊन आ करत. घरी येताना अर्धं वाक्य त्यांच्याबरोबर चालत येई.

"दाढ दुखणारं माणूस गुणगुणत नाही," एक दिवस मास्तर वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"भूल दिलीय ना," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. बाई आत गेल्या का, हेही त्यांनी अलीकडे विचारायचं सोडलं होतं. ताईंना वाटलं, यांनी आशा सोडली.

मग एका खेपेला नव्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितला आणि मान हलवली. "मावशी, मुळाला चीर गेलीय. नाही वाचत ही. पुढच्या वेळी काढून टाकू, एकदाच्या सुटाल."

"म्हणजे पुढची खेप शेवटची?"

"शेवटची."

ताईंना वाईट वाटलं. दाढेचं वाटलं हे खरंच. इतकी वर्षं तोंडात राहून एका शब्दानं तक्रार न करणारी दाढ, आणि आता तिला मुळासकट जायचं होतं. पण त्याहून कथेचं वाटलं. धाकटी जिन्यावरून उठून पुन्हा दाराशी आली होती, आणि पुन्हा घंटीपाशी तिचं बोट थबकलं होतं. महिना संपत आला होता. पुढच्या खेपेला दाढ जाणार आणि त्याच दिवशी कथा जमली तर जमली. न जमली तर गॅलरीत त्या जे बोलल्या होत्या तेच खरं ठरणार होतं.

त्या दिवशी मास्तर म्हणाले, "दाढ काढायची म्हणजे येताना चक्करबिक्कर येईल. मी गाडी काढतो."

ताईंना वाटलं, नेहमीसारखे गाडीत बसून राहतील. पण मास्तरांनी गाडी लावली, दवाखान्याच्या दाराशी येऊन एक मोठा श्वास घेतला आणि ताईंच्या मागोमाग आत आले. लवंगेच्या वासानं त्यांचा चेहरा उतरला. आतून ड्रिलचा बारीक आवाज आला तसा त्यांचा पाय फरशीवर गच्च बसला. तरी ते ताईंच्या शेजारी बाकावर ताठ बसले, पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसासारखे.

आता यांच्यादेखत पॅड कसं काढायचं? ताईंनी थोडा वेळ माशांकडे पाहिलं. मासे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शेवटी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी पिशवीतून पॅड काढलं. भरलेली पानं मागे दुमडली, कोरं पान वर घेतलं.

मास्तरांनी पानं पाहिली. कोपऱ्यातला हसरा दात पाहिला, खालची घाईघाईची अक्षरं पाहिली. ताईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघितलं. आता काहीतरी थट्टा येणार.

मास्तर थोडे बाजूला सरकले, ताईंच्या कोपराला जागा झाली.

पडद्यावर ताईंचा आकडा उमटला. यंत्रातली बाई बोलली. ताईंचं पेन 'आणि'वर येऊन थांबलं आणि त्या उठू लागल्या, एवढ्यात मास्तर समोरच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही जा आधी. आम्हाला घाई नाही."

त्या गेल्या. त्या बाहेर आल्यावर मास्तरांनी एका आजोबांना पाठवलं. मग आई आणि मुलगी अशा दोघींना. एका तरुणाला यायला उशीर झाला होता आणि तो दमून आला होता. मास्तर त्याला म्हणाले, "अगदी वेळेवर आलास, जा," आणि त्याला काही कळायच्या आत दार दाखवलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला. ताई हे सगळं ऐकत होत्या आणि नव्हत्याही. धाकटीचं बोट घंटीपाशी होतं. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. कडी निघाली. घंटी वाजलीच नव्हती, तरी दार उघडलं. दारात थोरली उभी होती, हातात कचऱ्याची पिशवी, केस विस्कटलेले, ती आपली कचरा टाकायला निघाली होती...

हळूहळू बाकं रिकामी झाली. पडद्यावर पुढचा आकडा आलाच नाही, कारण पुढे कुणी राहिलंच नव्हतं. मग आतलं दार उघडून नव्या डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी वर धरले होते.

"मावशी, आता तुम्हीच. या."

ताईंच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. आतून हाक आली आणि त्या वाक्य सोडून उठल्या नाहीत, असं एकदाही नाही. त्यांनी मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला.

"एक मिनिट, डॉक्टर."

डॉक्टर दाराला टेकून उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या गृहस्थांनी टाइप करायचं थांबवलं. मास्तर श्वाससुद्धा जपून घेत होते. पेनाचा आवाज येत होता, तो थोडा वेळ येत राहिला आणि मग एक टिंब टेकवल्याचा आवाज झाला. ताईंनी ते टिंब पुन्हा एकदा गिरवलं. मग पॅड मास्तरांच्या मांडीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या दाढ द्यायला आत गेल्या.

दार लागलं. आतून "मोठ्ठा आ करा" ऐकू आलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विचारल्याशिवाय वाचायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्यांनी फक्त सगळ्यात खालची ओळ पाहिली. 'धाकटी आत गेली, आणि मागे दार लावायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. डोळ्यांत पाणी आलं ते लवंगेच्या वासानं आलं असं त्यांनी ठरवून टाकलं.

बाहेरच्या दारातून गाल सुजलेला एक माणूस आत आला. रिकाम्या बाकांकडे पाहून त्यानं विचारलं, "आत कुणी आहे का हो?"

"हो," मास्तर म्हणाले. "गेल्या एकदाच्या बाई आत."

मग ते उठले. पॅड काखेत धरून काउंटरपाशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "माझंही नाव लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात."

"काय होतंय तुम्हाला?"

"दाढ."

"दुखतेय?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि उजवा पाय जमिनीत रुतला होता. "पण दाखवून घेतो. बरोबर ही येईल सोबतीला. आणि हे बघा, वेळ जरा गर्दीची द्या."